दोनशे टॉर्टियांची ऑर्डर

—नाही, नाही, बॉक्सला हात लावू नकोस अजून. वाफ जाऊ दे, नाहीतर खालच्या चिकटतील. बस त्या स्टुलावर. मराठी मंडळाचीच ना तू? मघाशी फोनवर 'हो सरलाकाकू, पिकअप करते' म्हणालीस, तेव्हाच ओळखलं. दचकलीस? इथं अमेरिकेत, ट्रॉयमध्ये टॅकोच्या हॉटेलात काळी टोपी घातलेली बाई मराठी बोलेल असं कुणाला वाटतं! मी अमळनेरची, माय. हॉटेल रामोनाचं, पीठ माझं. मांस ती निखाऱ्यावर भाजते, मी त्याला शिवत नाही. तिच्या गावी — मेक्सिकोच्या पार वरच्या अंगाला — मका नाही, गव्हाचं खातात, अन् ती टॉर्टिया नावाची पोळी हातावर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत नेतात अन् पालथ्या कढईवर टाकतात. पहिल्यांदा काचेतून बघितलं अन् माझं पाऊलच उचलेना — अगं, हे तर आमचे मांडे! आमच्याकडे मातीचं खापर, तिच्याकडे लोखंड, एवढाच फरक. आत शिरले, बाह्या वर केल्या. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. कुठं अडलं?

सरलाबाई ओळखतात का मला? न ओळखायला काय झालं! तीन वर्षांपूर्वीचा तुमचा गणपती — शाळेच्या किचनमध्ये पहाटेपासून साठ मांडे केले होते मी, पुरणाचे. खापर लुगड्यात गुंडाळून अमळनेरहून आणलेलं, त्याला चरासुद्धा गेला नव्हता. सरलाबाई आल्या, मांडा माझ्या हातावर बघितला अन् असं नाक मुरडलं — 'शी! कोपर लागतंय! अनहायजिनिक! मुलं खाणार आहेत हे!' साठच्या साठ कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. बायका बघत उभ्या. अन् ती पिशवी उघडी कुणी धरली होती, माहितीये? जाऊ दे. — संजीवने. माझ्या पोटच्या पोराने. 'सॉरी काकू, आईला कळत नाही इथलं.' तेव्हापासून मी लेकीकडे राहते, त्याचा उंबरा चढले नाही. हे तुला सांगायचं नव्हतं मला.

अन् गेल्या महिन्यात याच सरलाबाई या काचेला नाक लावून उभ्या! 'वॉव, सो ऑथेंटिक!' व्हिडिओ काढला माझ्या हातांचा — हातांचाच हं, तोंडाकडे ढुंकून नाही बघितलं. अन् दोनशेची ऑर्डर. मी घेतली लिहून. मनात म्हटलं, खा बाई, चाटूनपुसून खा — शेवटचा घास गिळलास की माइकवरून माझं नाव ऐकवते. म्हणून तुला बसवलं. सांगशील ना तू माइकवर? कोपर दोन्ही बाजूंनी लागलंय म्हणावं.

जेवण कधी आहे? साडेबाराला? मग वेळ आहे. एकटीच आलीस का गं? — त्या निळ्या गाडीत कोण? कोणी सोडलं तुला? संजीवकाकांनी? मंडळाचे अध्यक्ष आहेत यंदा?

अस्सं.

ऐक. सरलाबाई गेल्या खड्ड्यात. जा, त्याला म्हणावं, आत ये, हे बॉक्स स्वतःच्या हाताने उचल, अन् तिथे सगळ्यांसमोर एवढंच सांग — हे माझ्या आईच्या हातचं आहे. माफीबिफी नको. एवढंच बोल म्हणावं, मग ने. जा, मी आहे इथंच. —

आलीस? काय म्हणाला? — कॉलवर आहे? आई आत आहे, हे सांगितलंस ना नीट? मग? दोन बोटं दाखवली? दोन मिनिटं?

मी बघत होते, पोरी. गाडीची काचसुद्धा खाली केली नाही त्याने.

सरक. बॉक्स इकडे दे. अगं दे, तुझ्यावर राग नाही माझा. बाहेरची ही रांग एकच्या आत संपवेल दोनशे. सरलाबाईंना फोन कर, म्हणावं पिझ्झा मागवा. अन् त्याला सांग — नको. काही सांगू नकोस. दार ओढून घे जाताना, धूर बाहेर जातो.

नेक्स्ट!