मटकीचा साक्षीदार

मटकीचं नाव काढू नका बाप्पा. आमच्या सिंदी मेघेच्या समाजभवनात कॅरम खेळनाऱ्या लोकायसाठी कँटीन आहे, ते माया हाती. लोकायची तब्येत सुधारावी म्हनून तिथचे आलुबोंडे बंद करून मोडाची मटकी अन् ताक मीच चालू केलं. महिनाभरात सारे माया उरावर बसले. "आमी काय कोंबड्या आहो, दाने टिपाले?" शेवटी मीटिंग लागली. बोंडा परत आनाचा का नाई, हे हात वर करून ठरनार होतं.

माया बाजूनं एकच मानूस होता, वामनकाका. त्यायची शुगर खरंच उतरली होती. मी त्यायले पुढं बसवलं. मले एका जागी बसवत नव्हतं, सारखा घड्याळ पाहून राह्यलो, अन् काका उठूनच नाई राह्यले. मी कोपरानं डिवचलं, "काका, सांगा ना, मटकीनं काय फरक पडला ते!"

काका उठले. "मटकी? मी तं तोंडात बी नाई घातली."

मले वाटलं, संपलं आता.

"इथचा बोंडा बंद झाला, म्हनून मी रोज पायी चौकात जातो बोंडा खाले. जाऊन येऊन घाम निघते. डाक्टर म्हने, चालनं सोडू नका." मंग काकानं हात जोडले, "इथं बोंडा चालू करू नका भाऊ, माई शुगर वाढन!"

सारे हात काकाच्या बाजूनं वर गेले, अन् मीटिंग मी जिंकली. आता संध्याकाळी भवनात मी अन् मटकी, दोघंच असतो. बाकी सारे काकाच्या मागं पायी चौकात जातेत.