गुनारच्या भिंतीतली तार

(डेन्मार्कमधलं एक लहान गाव. म्हाताऱ्या गुनारनं दार अर्धंच उघडलंय. बाहेर गावाच्या केबल टीव्ही मंडळाची नवी अध्यक्ष लिस्बेट, हातात सिग्नलचं मापकयंत्र.)

गुनार : पायपुसण्यावरच थांब. आत यायचं काम नाही.

लिस्बेट : थांबते. पण तुमच्या दाराशी आलं की हे यंत्र कसं ओरडतंय, ते ऐका.

गुनार : यंत्र कळतं का तुला? अध्यक्ष झालं म्हणजे अक्कल येत नाही. या गावात केबल मी आणली. चर मी खणले. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

लिस्बेट : दर वार्षिक सभेला ऐकलंय ते. निवडणुकीत पडलात आणि रागानं सभासदत्व सोडलंत, तेही पाहिलंय. भिंतीतलं सॉकेट काढलंत का तेव्हा?

गुनार : उपटलं. पकडीनं तार तोडली. तुमची घाण माझ्या घरात नको.

लिस्बेट : आणि तुटलेलं टोक?

गुनार : लोंबतंय. मेलेल्या तारेचं काय एवढं?

लिस्बेट : मेलेली नाही ती. तुम्हीच घराघरांतून ओवत नेलीत ना लाइन? त्या उघड्या टोकातून सिग्नल बाहेर सांडतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. तुम्ही लाकूड कातायचं लेथ मशीन सुरू केलंत की पुढच्या सगळ्यांचं चित्र फुटतं.

गुनार : फुटू दे. बघणारे कोण, तर दिवसभर आ वासून बसणारे रिकामटेकडे. पुस्तक वाचा म्हणावं.

लिस्बेट : पुढं वृद्धाश्रम आहे.

गुनार : मला सांगतेस? माझी बायको तोवे आहे तिथं. टीव्हीवर हँडबॉलचा सामना अडकतो म्हणून रोज कुरकुरते बिचारी. मी तिला सांगतो, मंडळावर सगळी नालायक माणसं बसलीयत, दुसरं काय होणार.

लिस्बेट : रोज संध्याकाळीच अडकतो. तुम्ही तिला भेटून घरी आलात की.

गुनार : ...तिच्याच टेबलाचे पाय कातत होतो मी. पलंगाशी लावायला.

लिस्बेट : हे टोपण टोकावर बसवलं की झालं. येऊ का आत?

गुनार : आधी सांग, कुणी चुगली केली? शेजारचा ओलुफ असणार. तसलाच आहे तो.

लिस्बेट : तोवेनं तक्रार केली.

गुनार : तोवेनं? माझ्या तोवेनं?

लिस्बेट : हो. म्हणाली, गावभर हिंडू नकोस, आधी आमच्या घरी बघ. रागाच्या भरात काहीतरी तोडून बसला असेल.

गुनार : ...बूट काढून आत ये. आणि ते टोपण दे इकडे. तुला आटे बसवता यायचे नाहीत.

लिस्बेट : घ्या. हेही म्हणाली होती ती.

गुनार : काय?

लिस्बेट : तू लावायला जाऊ नकोस, त्याच्या हातात दे.