टनाल्यात चिमणी कितवी?

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा, एक सवाल टाकतो. ज्याच्यावर आपला जीव जडलाय, त्याचं उणं आपल्याला दिसतं की नाही? काय म्हणता? प्रेम आंधळं असतं? ते कोपऱ्यातले काका लगेच 'हो' म्हणाले — अहो, पलीकडे काकू बसल्यात, जपून!

याचं उत्तर मी घोड्यांच्या शर्यतीतून काढणार आहे. हसू नका! जुगार वाईटच, मी काही तिकिटं विकायला आलो नाही. पण देव काय फक्त गाभाऱ्यातच भेटतो?

तर मुंबईत रेसकोर्सच्या तबेल्यात मुरारी नावाचा सईस होता. सईस म्हणजे घोड्याचा मालक नव्हे हो — घोड्याची आई! खरारा करायचा, पाय चोळायचे, ताप आला तर उशाशी बसायचं. त्याची बायको हौसाबाई. पोटी मूलबाळ नाही. पण तबेल्यात एक घोडी होती. कागदावर तिचं नाव इंग्रजी, हातभर लांब! हौसाबाई म्हणायची — चिमणी. गरम भाकरीचा पहिला तुकडा चिमणीला, मग मुरारीला. मुरारीनं कधी तक्रार केली नाही. शहाणा माणूस!

एक दिवस एका मस्तवाल घोड्यानं लाथ झाडली. मांडीचं हाड मोडलं, मुरारी खाटेला खिळला. ट्रेनरसाहेब भले माणूस. म्हणाले, "मुरारी, तबेल्यात खुर्ची टाकून बस. नव्या सईसांना घोडं बघायला शिकव." पण हा मानी! बायकोला म्हणतो, "हौसा, फुकटची भाकरी नको. घोडं पारखायचा डोळा शाबूत असंल तर ऱ्हाईन. नसंल, तर गावाकडं." हौसाबाई मनात म्हणाली, गावाकडं म्हणजे चिमणीची ताटातूट!

आता डोळा शाबूत आहे, हे ठरवायचं कसं? आली डर्बी, वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत! आणि मुरारी म्हणाला, "टनाला लाव."

टनाला म्हणजे काय? सांगतो. एकच घोडा पहिला येणार म्हणून पैसे लावले, तर ते 'विन'. दोन सांगितले आणि ते दोघं पहिले-दुसरे आले, मागं-पुढं झाले तरी चाललं, तर 'क्विनेला'. तिथं भांडण नाही! पण टनाला? पहिला, दुसरा, तिसरा — बरोब्बर त्याच क्रमानं! लग्नातला मानपान बघा. आधी मामांना नारळ, मग आत्याबाईंना, मग काकांना. क्रम चुकला की सगळी वरात रुसली!

मुरारी म्हणाला, "सात, दोन, चार. असाच लाव. तिकीट लागलं तर आणून दाव. न्हाई लागलं, तर काय बोलू नगंस. मी समजंन. बोचकं बांधू." चार नंबर कुणाचा? चिमणीचा! हौसाबाई चमकली. "आपली चिमणी तिसरी?"

"जीव हाय माझा तिच्यावर. पर दम न्हाई तिला. शेवटाला उजवीकडं कलती, तिथं दोघं फुडं जात्यात."

निघाली बिचारी हौसाबाई रेसकोर्सवर. सात-दोन-चार, सात-दोन-चार, जप चाललाय! निम्म्या वाटेवर डर्बीचे घोडे फिरवून दाखवत होते. नवा सईस चिमणीला घेऊन आला. हौसाबाईच्या तोंडून नकळत गेलं, "चिमणेऽ!" आणि काय सांगू मंडळी — एवढ्या गर्दीत घोडीनं कान टवकारले, मान वळवली, थांबली! सईस ओढतोय, ही हलेना!

हौसाबाई डोळे पुसत तिकिटाच्या खिडकीशी गेली. आतला बाबू म्हणाला, "बोला मावशी, टनाला? नंबर?"

सात म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. लेकीला तिसरी कशी म्हणू? म्हणाली, "चार... सात... दोन."

घंटा झाली, घोडे सुटले! शेवटच्या वळणाला चिमणी पुढे! हौसाबाई कठड्याला धरून ओरडतीये, "पळ माझी बाय!" — आणि कलली की हो उजवीकडं! सात पुढे गेला, दोन पुढे गेला. चिमणी तिसरी.

मुरारीचा अंदाज तंतोतंत खरा! आणि हौसाबाईच्या हातातलं तिकीट मातीमोल.

ती खोलीवर आली. तिचं तोंड बघूनच मुरारीनं ओळखलं. भिंतीकडं वळला. "बांध बोचकं."

"न्हाई धनी! तुमचंच खरं झालं. सात, दोन, चारच आलं. म्या उलटं लावलं."

"समजूत घालतीस व्हय माझी?"

तिनं तिकीट त्याच्या हातात दिलं. चार-सात-दोन! "शेवटाला कलली वो उजवीकडं, तुमी म्हणला तशीच. पर खिडकीवर माझ्या तोंडातनं तिला तिसरी म्हणवंना. मारा, झोडा मला!"

मुरारी तिकिटाकडं बघत राहिला. मंडळी, एवढा घोडा अंगावर आला तेव्हा न रडलेला माणूस, ढसाढसा रडला हो! राग नाही, पैशाचं नाव नाही. हौसाबाईचा हात धरून हळूच म्हणाला, "हौसा, ऱ्हाऊ आपण हितंच. पर एक कर. म्या तिला तिसरी म्हणलो, हे तिच्या कानावर घालू नगंस."

बघा! डोळा मुरारीचा खराच होता. आणि हौसाबाई काय आंधळी होती? तिला चिमणीचं उणं नवऱ्यानं फोड करून सांगितलं होतं. माहीत असून तिनं पहिली लावली!

आता तुमच्याकडे वळतो, मान खाली घालू नका. आपली चाल पांडुरंगाला ठाऊक नाही का? दम किती, कुठल्या वळणावर कलतो, सगळं ठाऊक! तरी रोज सकाळी तो आपल्याला डोळे उघडू देतो. म्हणजे काय करतो? खिडकीवर उभा राहून म्हणतो, "माझं लेकरू पहिलं!" रोज लावतो, रोज हरतो, आणि उद्या पुन्हा लावतो.

आणि तुम्ही? घरी तुमचा मुलगा नापास होऊन बसला असेल, म्हातारा बाप हळू चालत असेल. जा, आणि आज एकदा तरी त्यांना पहिलं म्हणा.