घरच्या घरी डफ

...नाही, तुम्हीच सांगा, 'साधं, सोपं, स्वस्त' हे तीन शब्द एका ओळीत वाचल्यावर शहाण्या माणसानं फोन उशीखाली सारून झोपायचं की नाही? पण शाळेच्या गटावर आमच्या घीताच्या वर्गाच्या बाईंचा निरोप येऊन पडला. सुट्टीत लहान मुलांच्या हातात फोन देऊ नका, त्यांच्याबरोबर बसून काहीतरी बनवा, आशुराचा सण तोंडावर आलाय तर एखादं वाद्यच करा ना, खर्च नाही, काही नाही, घरात आहे त्यातच होतं... आणि खाली फुलं, टाळ्या, फुगे. बाईंचं काय जातंय फुलं टाकायला?

आणि मी पडलो भूगोलाचा मास्तर. सले शहरातल्या निम्म्या पोरांना अॅटलास पर्वत मी कागदाच्या लगद्यातून उभा करून दाखवलाय, बर्फासकट! मला कोण हस्तकला शिकवणार? माझी बायको नाजिया नदीपलीकडे रबातला नोकरीला जाते, तिला सुट्टी नाही, मला आहे. म्हणजे घरात मी, सात वर्षांची घीता आणि चार वर्षांचा अनस. आता आशुराला आमच्याकडे पोरी मातीची ढोलकी काखेत मारून गल्लीभर गात फिरतात, बाजारात त्या ढोलक्यांचे ढीग लागलेले असतात, आणि घीतानं सहज म्हटलं की बाबा, मला पण एक. सहजच म्हटलं हो तिनं. पण त्याच वेळी फोनवर सासूबाई होत्या, फोनचा आवाज मोठा होता, आणि मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो की विकत कशाला, मी असताना? घरात आहे त्यातच होतं.

पलीकडून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघू या."

लल्ला बतूल म्हणजे आमच्या सासूबाई. कधी ओरडणार नाहीत, भांडणार नाहीत. मला 'मास्तर' म्हणतात, अहो-जाहो करतात, आणि त्या 'मास्तर'मध्ये असं काही घालतात की माणसानं उठून आपला शर्ट नीट खोचावा.

तर पहिला प्रयोग, डब्याची ढोलकी. टोमॅटोचा रिकामा डबा घ्या, त्यावर फुगा कापून ताणा, रबरबँड लावा, झालं. सोपं. फक्त रिकामा डबा घरात नव्हता. मग भरलेले होते ते रिकामे करायचे! त्यापुढे कित्येक दिवस आमच्याकडे अंड्यात टोमॅटो, मसुरात टोमॅटो, नाजिया म्हणाली उद्या चहात पण घाला. मग फुगे. फुगा कापायचा म्हटल्यावर अनसनं असा गळा काढला, जसा मी कोंबडीच कापतोय. त्याचं म्हणणं, आधी फुगवायचा, मग त्याच्याशी खेळायचं, मग त्यानं झोपायचं, आणि मग त्याला कळू न देता कापायचा. डब्याला रंगीत कागद चिकटवायला मी मैद्याची खळ शिजवली. खळ उत्तम झाली. इतकी उत्तम की दिवाणखान्यातल्या गादीवर सांडली ती अजून तिथेच आहे, वर तक्क्या ठेवलाय आम्ही.

नाजिया कामावरून आली, दारातच उभी राहिली, आणि त्या थंड आवाजात म्हणाली की मुख्तार, बाजारात ढोलकी मिळते. मी म्हटलं, मिळते, पण त्यात मुलांचा हात असतो का? ती खाली बघून म्हणाली, गादीवर आहे की. पाचही बोटं दिसतायत.

पण ढोलकी झाली, तुम्हाला सांगतो. अनस तर आपल्या डब्यावर इतका खूष की तो कुशीत घेऊन जेवायला बसला. घीता तिची घेऊन खाली गल्लीत गेली... आणि लगेच वर आली. स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालचं दार उघडलं आणि डबा आत उपडा ठेवून दिला. फोडला असता, फेकला असता तर मला चाललं असतं हो. ठेवून दिला. मग अनसनंच सगळं सांगितलं, की समोरची रीम म्हणाली, ही ढोलकी आहे की सार्डिनचा डबा, आणि सगळ्या पोरी हसल्या, आणि ताई पण हसली.

ताई पण हसली! आता सांगा, असं ऐकल्यावर बापानं काय करायचं? बाजारात जायचं, बरोबर. कुठलाही माणूस गेला असता. पण मी सासूबाईंना शब्द दिला होता की घरात आहे त्यातच होतं.

मग मी घरावर नजर टाकली. तुम्ही कधी टाकली आहे का घरावर अशी नजर, की काय-काय वाजेल? झोप उडते. पातेली, ताटं, नाजियाचं ते चहाचं तबक... आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, कुसकुसची चाळण, रव्याच्या वळलेल्या कण्या चाळायची. गोल, जुन्या लाकडाचं कडं, चांगली परातीएवढी. जाळी एका बाजूनं उसवलेली, म्हणजे नाजियाच म्हणायची की उसवलीय म्हणून! जाळी काढली. आता वर ताणायला काय? कपाट उघडलं, औषधांचा खण, तिथे एक मोठं पाकीट, त्यात दवाखान्यातला एक जुना एक्स-रे. काळा, कडक, चिवट. कुणाचा, कशाचा, मी बघितलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. गोल कापला, कड्यावर चिकटपट्टीनं बसवला, भोवती सुतळी आवळली, घीतानं त्यावर लाल फुलं काढली, अनसनं एक फूल चाटून बघितलं. आणि घीतानं थाप मारली.

धम्म.

अहो, काय सांगू, छातीत वाजला तो डफ! घीतानं माझ्याकडे बघितलं, परत थाप मारली, परत बघितलं. मग पायऱ्या दोन-दोन करत खाली पळाली. मी गॅलरीत उभा राहिलो, हात मागे बांधून, अगदी राजासारखा. खर्च नाही, काही नाही.

तेवढ्यात दारावर टकटक. सासूबाई. आशुराच्या संध्याकाळचा कुसकुस त्या दरवर्षी आमच्याकडे येऊन स्वतःच्या हातानं वळतात, हे मी विसरलो नव्हतो. फक्त तो कशानं चाळतात, याचा विचार केला नव्हता. एका हातात रव्याची पिशवी, दुसऱ्या हातात ईदला सुकवून ठेवलेल्या मटणाचं गाठोडं, गुडघा सांभाळत जिना चढून आल्या, परात मांडली, रव्यावर पाणी शिंपडलं, आणि भिंतीकडे न बघता हात वर केला. हातात खिळा आला. नाजियानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शेजारणीनं नेलीय. सासूबाई म्हणाल्या, मग आणा. अगदी शांतपणे.

मी खाली आलो. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी फळांच्या खोक्यांचा जाळ पेटवला होता. समुद्रावरून धुकं चढत होतं, त्या ओल्या हवेनं विकतच्या ढोलक्यांची चामडी सैल पडली होती, रीम आणि बाकीच्या पोरी आपापली ढोलकी जाळाशी शेकत उकिडव्या बसल्या होत्या, आणि मधोमध माझी घीता! डोळे मिटून वाजवत होती, गात होती, आणि शेकणाऱ्या पोरी तिच्यामागून म्हणत होत्या. आता हिच्या हातातून तो डफ काढून घ्यायचा? मला सांगा, तुम्ही घेतला असता? मी नुसता उभा राहिलो. वर रवा वाळतोय, हे कळत होतं, तरी उभा राहिलो.

मागून लंगडती पावलं आली. वाट बघून सासूबाई स्वतःच उतरल्या होत्या. घीतापुढे हात केला. घीतानं डफ दिला आणि माझ्या मागे येऊन माझा शर्ट घट्ट धरला. सासूबाईंनी डफ जाळासमोर धरला, उजेडात, लाल फुलांच्या मधोमध, हाडं दिसली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हा माझा गुडघा आहे."

मी म्हटलं, आता नाही म्हणून तरी काय करणार, मी म्हटलं जुना आहे, आता तसाही नवा काढायलाच हवा. आत्मविश्वास सोडायचा नाही माणसानं.

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या कडं चाचपत होत्या. त्या कड्याला एक भोक आहे, मी समजत होतो खिळ्याला अडकवायला असेल. सासूबाईंनी त्या भोकात आपला अंगठा घातला, तो बरोबर बसला, आणि कडं हातावर उभं राहिलं. डफ असाच धरतात हो. मग त्या बोलल्या, माझ्याशी नाही, घीताशी. हा त्यांच्या आईचा डफ होता. आई लग्नांत वाजवायची, गायची. तिचं लग्न झालं तेव्हा सासरचे म्हणाले, आमच्या घरची बाई वाजवत नाही. चामडं काढलं, जाळी ठोकली. लाकूड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं, घरात आहे त्यातच होतं...

"आई रवा चाळताना बोटं आपटायची कडेवर," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, रवा खाली पडावा म्हणून."

भूगोल काय कामाचा अशा वेळी?

मग त्यांनी सुतळीची गाठ बघितली. "हे कुणी बांधलं?"

"मी."

"तरीच."

गाठ सोडली, दातांत धरून पुन्हा आवळली, कान लावून एकदा टिचकी मारली, आणि वाजवायला लागल्या. आधी सावकाश, आठवून-आठवून, मग हात मोकळा झाला. खिडक्या उघडल्या, बायका उतरल्या, रीमची आजी चपला हातात घेऊन धावत आली. कुणी मला म्हणालं, नुसते उभे काय, खुर्ची आणा, म्हातारीचा गुडघा दुखत असेल. एक गुडघा हातात, दुसरा खुर्चीवर. घीता त्यांच्या मांडीला टेकून बोटं बघत होती, आणि रीम घीताला म्हणत होती, मला एकदा देशील का?

वर आलो तेव्हा रव्याची ढेकळं झाली होती. तेच आम्ही खाल्लं.

आता दर शुक्रवारी लल्ला बतूल येतात, बरोबर रीमची आजी आणि आणखी कुणीकुणी. दिवाणखाना भरतो, अनस डबा बडवतो, घीता आता आजीपेक्षा बरं वाजवते, असं आजीच म्हणते. चामडं लावून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, नको, निदान हा एक गुडघा तरी न कुरकुरता चालतोय. आणि मी? मी स्वयंपाकघरात, परातीसमोर, कुसकुसच्या गुठळ्या एकेक करून बोटांनी फोडतोय. भिंतीपलीकडे मैफल, अलीकडे रवा. परवा न राहवून म्हटलं, सासूबाई, बाजारात चांगल्या चाळणी आल्यात, एक घेऊन येऊ का?

"कशाला मास्तर," त्या आतून म्हणाल्या, वाजवणं न थांबवता, "तुम्हाला हात आहेत की."

आहेत. रव्यात आहेत.