पासआउटचा पेढा

इंग्रजी क्रियापदाला शेपूट लागलं की अर्थ पालटतो, असं कॉलेजात बाईंनी बजावलेलं नेत्राने हसण्यावारी नेलं होतं. आज उरणच्या एसटी स्टँडवर, बाळ कडेवर घेऊन ती पनवेलच्या रांगेत उभी होती. पुढची काकू पेढे वाटत होती. काकूचा नवरा पिशव्या सांभाळत होता.

“घे गो पोरी. आमचा निकेत पनवेलच्या कॉलेजात पासआउट झाला. दोस्ताचा मेसेज आलाय.”

“पन ठमे, दुसरंच वरीस हाय ना त्याचं?” नवऱ्याने विचारलं.

“हुशार पोराला लवकर सोडत असतील.”

“मग फोन का उचलत न्हाय?”

“नाचत असंल!”

“काकू, मेसेज बघू?” नेत्राने फोन घेऊन वाचलं, “‘निकेत लॅबमध्ये पासआउट झाला. लवकर या.’”

“बघा! सत्काराला बोलावतायत.”

“काकू, चक्कर येऊन पडलं तरी पासआउटच म्हणतात.”

“म्हंजे पोरगा पास न्हाय झाला?” काकूने विचारलं.

“काका, त्या दोस्ताला फोन लावा आधी.”

“मगाशीच लावला. तो बी उचलत न्हाय.”

“अवो, मग ह्ये पेढे?”

तेवढ्यात गाडी लागली. रेटारेटीत ती दोघं चढली, नेत्रा बाळासकट खालीच राहिली. त्यांचा फोन नंबर घ्यायचं तिला सुचलंच नाही. पनवेलच्या कॉलेजात तुमचं कुणी असेल, तर निकेत कसा आहे, तेवढं विचारून बघा.