मिस्त्रींसाठी गार चहा

सून : आई, फडकं दाबू नका.

सासूबाई : दाबलं कुठं? जरासं पिळलं.

सून : तेच ते. बघा, सगळा गर खाली उतरला.

सासूबाई : अगं, एवढे महागाचे पीच. अर्धा रस फडक्यातच बसला होता. तो काय कचऱ्याच्या डब्याला पाजायचा? माझ्या हातांना टाकायची सवय नाही.

सून : टाकायचा नव्हताच. त्याचा तो गळू द्यायचा होता.

सासूबाई : बरं, ते माझ्या नावावर. पण चहाला तर मी बोटसुद्धा लावलं नाही, तरी तो साबणाच्या पाण्यासारखा का दिसतोय?

सून : उकळता तसाच फ्रिजमध्ये ठेवलात म्हणून.

सासूबाई : गार चहा करायचा म्हणजे गार नको करायला?

सून : हळूहळू करायचा. एकदम थंडी बसली की चहा गढुळतो. चव जात नाही, रूप जातं. काचेचंही तेच. भट्टीतून काढलेला ग्लास एकदम गार केला तर तडकतो.

सासूबाई : आली काच. मी म्हटलंच अजून कशी आली नाही. बाळंत होत होतीस तेव्हाही डॉक्टरीणबाईंना शिकवत होतीस श्वास कसा धरायचा.

सून : त्या मला शिकवत होत्या. मी फक्त म्हटलं, मला येतं.

सासूबाई : बरं, आता या भांडंभर गढूळ पाण्याचं काय?

सून : आपण पिऊ. उरला तर तुमचे चिरंजीव आहेत, त्यांना रंगाशी घेणं नसतं. आमच्या भट्टीवरच्या मिस्त्रींसाठी दुसरा करू. शिफ्ट सुटल्याशिवाय काही ते यायचे नाहीत.

सासूबाई : मी म्हणते, साधा गरम चहा दिला तर काय बिघडलं?

सून : माणूस दिवसभर आगीसमोर उभा असतो, त्याच्या हातात वाफेचा कप द्यायचा? आणि तुम्हीच तर म्हणालात, खालच्या नर्सबाईंनी पाजला तसा करू.

सासूबाई : म्हणाले खरी. त्यांचा किती नितळ होता गं! ग्लासातून पलीकडचं खिडकीतलं झाड दिसत होतं. हं, पाणी उकळलं. पत्ती घालू?

सून : आधी गॅस बंद. मग पत्ती, मग झाकण. आणि त्याच्याकडे बघायचं नाही.

सासूबाई : बघितल्यानं कडू होतो?

सून : बघितलं की तुम्ही ढवळता.

सासूबाई : दे सुरी इकडे, मी आपली फळं चिरते. साली काढू?

सून : राहू द्या, रंग सालीतच असतो. थोडी साखर, बुडतील एवढं पाणी, आणि मंद आचेवर मऊ होऊ द्या. छकुले, काय घातलंस तोंडात? आई, बाठा आहे तिच्या हातात, घ्या तो आधी.

सासूबाई : घेतला. देताना मला चावली. नुकते दोन दात आलेत, पण धार बघ. आता मला सांग, मिस्त्री नुसतं बाळ बघायला येतायत?

सून : फोनवर तेवढंच म्हणाले.

सासूबाई : नुसतं बाळ बघायला कुणी शिफ्टनंतर एवढे जिने चढत नाही. माझ्या लेकानं सांगितलंय मला. पॅकिंगमध्ये जागा झालीय. बसून काम, लेकुरवाळीला सोयीचं, असं मिस्त्री त्याला म्हणत होते म्हणे.

सून : म्हणत होते.

सासूबाई : मग तू काय म्हणालीस?

सून : मला कुणी विचारलंय कुठं? आणि मी हात जोडायला जाणार नाही. भट्टीवर उभं करायचं असेल तर करतील.

सासूबाई : वा. आणि मी जगाला काय सांगू? अख्ख्या जिन्याला सांगून बसलेय, माझी सून काच फुंकते. दातांच्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं, त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना. आता परत जाऊन सांगू, खोकी बांधते?

सून : खोकी बांधण्यात कमीपणा नाही, आई.

सासूबाई : मुळीच नाही. ज्यांना बांधायचीत त्यांनी बांधावीत, छान बांधावीत. पण तुला फुंकता येतं. चल, ग्लास काढते.

सून : वरच्या फळीवरचे काढा. नाही नाही, तो नाही.

सासूबाई : हाच. मी रोज पाणी पिते तो. तुझ्या हातचा.

सून : म्हणूनच नको. तो माझा पहिला आहे.

सासूबाई : मग तर मिस्त्रींनी बघायलाच हवा.

सून : तुम्हाला माहीत नाही. आमच्याकडे रीत आहे. ज्यानं त्यानं आपला पहिला ग्लास आपल्याच हातानं फोडायचा आणि परत वितळवायला टाकायचा. पहिल्यावर जीव जडला की हात तिथंच अडकतो म्हणतात. मिस्त्रींनी फोडला, त्यांच्या वडिलांनी फोडला.

सासूबाई : आणि तू?

सून : डब्याच्या फडक्यात गुंडाळून घरी आणला.

सासूबाई : विचारून?

सून : नाही.

सासूबाई : आणि मला म्हणालीस, तुमच्यासाठी केला.

सून : खोटं नव्हतं ते. फोडायला हात उचलला आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात. या घरात तुम्ही एकट्याच होतात, ज्यांनी मला विचारलं होतं, काच फुंकताना कसं वाटतं.

सासूबाई : ... चहा गाळ. कडू होईल.

सून : गाळते. तुम्ही जरा लांब उभ्या राहा.

सासूबाई : हात मागे बांधलेत, बघ. शाळेत बांधायचे तसे. फळांचा पाकही तूच गाळ. एक सांगते, मिस्त्रींना फळीवरचा ग्लास दे. मी मात्र माझ्याच ग्लासात पिणार.

सून : आई, ऐका ना.

सासूबाई : पाहुणा आला म्हणून मी माझा ग्लास लपवायचा? नाही जमायचं. लिंबू कधी पिळायचं?

सून : अगदी शेवटी. आधी निवांत गार होऊ दे.

(दारावर थाप. बाळ दचकून रडतं. खुर्ची सरकते.)

मिस्त्री : फुप्फुसं चांगली आहेत.

सासूबाई : आईवर गेलीय. बसा, पंख्याखाली बसा. हे घ्या.

मिस्त्री : सरबत?

सासूबाई : चहा. पीचचा. बर्फ घालून.

मिस्त्री : चहात बर्फ?

सासूबाई : घोट तर घ्या. मग नावं ठेवा.

मिस्त्री : ... हं. घरी केलाय?

सासूबाई : मग काय! बाजारचा इतका नितळ नसतो. पाक गाळताना फडकं पिळायचं नाही, गर उतरतो. आणि गार करायची घाई करायची नाही, चहा गढुळतो. पुष्कळांना माहीत नसतं.

सून : हो ना. पुष्कळांना.

मिस्त्री : बाई, तुमचा ग्लास जरा बघू.

सासूबाई : माझा आहे तो.

मिस्त्री : घेत नाही. उजेडात धरा फक्त. बुडाशी बुडबुडा आहे. कडही कललीय. हा दुकानात मिळायचा नाही.

सून : माझा आहे, मिस्त्री. पहिला.

मिस्त्री : फोडला नाहीस?

सून : नाही.

मिस्त्री : रीत माहीत होती?

सून : होती.

मिस्त्री : मग आण इकडे.

सासूबाई : नाही द्यायची मी. रीत तुमच्या भट्टीवर. हे माझं स्वयंपाकघर आहे, आणि त्यात माझा चहा आहे.

मिस्त्री : बुडबुडा का राहिला गं?

सून : काच उचलताना फुंकणी घाईनं फिरवली. हवा अडकली.

मिस्त्री : आणि कड?

सून : शेवटी फुंकणी फिरवायची थांबले. झाला, झाला म्हणून सगळ्यांकडे बघायला लागले. काच तेवढ्यात कलली.

मिस्त्री : हं.

सून : आज करायला दिलात तर दोन्ही चुका होणार नाहीत. आणि मिस्त्री, पॅकिंगला मी येणार नाही. तुम्ही विचारायच्या आधी सांगते.

मिस्त्री : मी विचारलं कुठं?

सून : विचारायला आलात.

मिस्त्री : ... आलो होतो. अंगावर पाजतेस. आगीसमोर अंगातलं पाणी आटतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

सासूबाई : आटू दे. भरायला मी आहे. हाच चहा बाटली भरून देईन रोज. तुम्हालाही देईन, चेहऱ्यावरून दिसतंय आवडलाय.

मिस्त्री : बुडबुडा का राहिला म्हणून मी सगळ्यांना विचारतो. कुणी म्हणतं काच खराब होती, कुणी म्हणतं भट्टी कमी तापली होती. माझा हात चुकला, असं माझ्या पोरानंसुद्धा कधी म्हटलं नाही.

सून : चुकला होता म्हणून म्हटलं.

मिस्त्री : तुझी फुंकणी दुसऱ्याला दिलीय मी. भट्टीवर आलीस की ती तुझी तू मागून घे. मी मध्ये पडणार नाही.

सून : मागते.

मिस्त्री : आणि रीत मोडलीस ते मी विसरणार नाही.

सून : नका विसरू.

सासूबाई : तुमचं ते चालू द्या सावकाश. शिफ्ट कुठली ते आधी सांगा. छकुलीची झोप मला त्याप्रमाणे बसवायला हवी.