आठ दसऱ्यांचा रंग

नाही नाही, नीलकंठजी, नखानं खरवडू नका हो — राहू द्या तो रंगाचा फोड, फुटला की पाणी येतं त्यातनं, माहितीये मला. बिजौलीच्या वर्कशॉपातून एवढ्या उन्हात तुम्हाला बोलावलं ते रंग द्यायला, खरवडायला नाही. शुक्रवारी निघायचंय आम्हाला. आणि जरा हळू बोला — घराच्या खिडकीत माझी बायको बसलीय, कांता. तिला ऐकू जाईल, नि तुम्ही तर मराठीच बोलणार, झाशीच्या लक्ष्मी गेटातली जुनी मराठी माणसं तुम्ही.

ही घरगाडी मी रिटायर झालो तेव्हा घेतली — आत पलंग, शेगडी, सगळं, बॉडी फायबरची. फौजेत चोवीस वर्षं गाड्याच सांभाळल्या मी, मला कोण शिकवणार? कांताला म्हटलं, आजवर छावण्या फिरवल्या तुला, आता माहेरी नेतो, कृष्णाकाठी, वाटेत वाटेल तिथं थांबू. दसऱ्याला गाडीची पूजा करायची नि निघायचं. पण पूजेआधी रंग नको? इन्स्पेक्शन म्हटलं की आमच्याकडे गाडीला रंग — लागायलाच पाहिजे. मग काय, रंग ओला. मग धुकं. मग मे महिन्याचं ऊन, भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी — की पुढच्या दसऱ्याला परत रंग. असे आठ दसरे झाले.

सारखं ठोकू नका! ऐकू येतंय मला, भद् भद् वाजतंय ते. आतलं प्लाय गेलंय? खिडकीच्या रबराखालनं पाणी शिरलं, वरनं रंगावर रंग चढला, ओल आत कोंडली — मीच कोंडली, तसंच म्हणा. तिनं सांगितलं होतं हो. तिसऱ्या वर्षी. दुपारची आत जाऊन फळीवर डबे लावून बघायची ती — म्हणाली, अहो, ओलीचा वास येतोय, भिंत बोटानं दबतेय. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, नव्या रंगाचा वास आहे तो. पुन्हा विषय काढला नाही तिनं. आणि खोटं कशाला बोलू — वास मलाही आला होता. मला निघायचंच नव्हतं. तिकडे गावात मला कोण ओळखतंय, कोण सलाम ठोकणार? इथं गाडी पुसत बसलं की दिवस जातो... हे कशाला सांगतोय मी तुम्हाला?

दोन महिन्यांचं काम? दोन महिने नाहीयेत हो कांताकडे. डॉक्टर म्हणतात, पंधरा-वीस दिवस. रेल्वेनं नेतो म्हटलं, तर म्हणते, ज्या गाडीनं नेणार होतात तिनंच न्या. आणि तुम्ही म्हणताय, ही इथलं जवळचं बबीनाही गाठायची नाही, भिंत रस्त्यातच सुटेल.

मग असं करा. ब्रश घ्या नि खिडकीतनं तिला दिसेल अशा बाजूला उभे राहा — कोरडाच फिरवा, डबा उघडू नका. दिसू दे तिला, काम चाललंय म्हणून. हां, असं... कांता, होतंय गं! शुक्रवारी निघू!

काय म्हणाली? ऐकलंत ना तुम्ही? नव्या रंगाचा वास येतोय म्हणाली. खिडकी लावून घेतली.

डबा तर उघडलाच नाही आपण.

ठेवा तो ब्रश. जा तुम्ही, नीलकंठजी.